कापूस काट्यावर, मग स्क्रू अंदाजाने का?



या पानांवर भावाचे लिहिले जाते, कर्जाचे लिहिले जाते, वीजबिलाचे लिहिले जाते. मी आज स्क्रूबद्दल लिहिणार आहे. मोटारीच्या स्टार्टरमध्ये किंवा घरच्या मीटरच्या बोर्डात वायर धरून ठेवणारा, करंगळीच्या नखाएवढा पितळी स्क्रू. हसू आले तर हसून घ्या. पण एका हंगामात या स्क्रूने माझ्या घरातून जे नेले तेवढे अडत्यानेही कधी एका वेळी नेले नाही.

माझी नऊ एकर जमीन. सहा एकर पऱ्हाटी, तिच्यात तुरीच्या ओळी, बाकी ज्वारी आणि थोडा हरभरा. म्हणायला कोरडवाहू. पण एक विहीर आहे, पाणी बेताचे आहे, आणि पाच हॉर्सपॉवरची मोटार आहे. तुमच्यातल्या पुष्कळांचे असेच असेल. ही विहीर बारमाही ओलिताची नव्हे. पोळ्यानंतर पावसाने पाठ फिरवली आणि बोंडे भरायची असली तर एक-दोन पाणी द्यायचे, एवढ्यासाठी ती राखून ठेवलेली. त्या एक-दोन पाण्यावर क्विंटलांचा हिशोब फिरतो हे तुम्हाला सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी नेमके तेच झाले. पाऊस गेला, मी मोटार लावली. पाळी रात्रीची. तिसऱ्या रात्री मोटार जळाली. बाहेर काढली, तालुक्याला नेली, रिवाइंडिंगवाल्याकडे आधीच रांग होती. आठ दिवस गेले. नवी तार भरून आणली, उतरवली, आणि दहाव्या दिवशी पुन्हा जळाली. तोपर्यंत बोंडांनी वाट पाहणे सोडले होते.

आपल्याला काय सवय? मोटार जळाली की व्होल्टेज. मी कागद घेतला, अर्ज लिहिला, तालुक्याच्या ऑफिसात जाऊन आवक शिक्का मारून घेतला. मग मोटार घेऊन पुन्हा त्याच दुकानात. तो पोरगा वयाने माझ्या मुलाएवढा. त्याने मोटार खोलली आणि मला हाक मारली.

"काका, लाईनला शिव्या द्यायच्या त्या द्या, पण आधी हे पाहा. तारेचे तीन गट आहेत. दोन जळून काळे, तिसरा जसाच्या तसा."

"म्हणजे?"

"व्होल्टेज कमी असते तर तिन्ही गट सारखे भाजले असते. तुमची मोटार दोन फेजवर फिरली. एक फेज कुठेतरी तुटत होता. आता तुमचा स्टार्टर आणून दाखवा."

स्टार्टर नेला. झाकण काढले. आतल्या मधल्या टर्मिनलचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळले होते. वायर बोटाने हलवली तर गोल फिरली. स्क्रूखाली निम्मी तार आणि निम्मे रबर दाबलेले, ॲल्युमिनियमच्या काही काड्या तुटून पडलेल्या. हे काम कोणी केले म्हणाल तर मीच. रात्री, बॅटरीच्या उजेडात, टेस्टरने.

तेव्हापासून मी रिवाइंडिंगला आलेल्या मोटारी पाहतो. तुम्हीही पाहा, त्याला वाचता यावे लागत नाही. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन गट काळे आणि एक चांगला दिसला, किंवा डेल्टा जोडणीत एकच गट काळा आणि दोन चांगले दिसले, तर समजा की एक फेज गेला होता. तिन्ही सारखे काळे असले तर व्होल्टेज, जॅम झालेला पंखा किंवा जादा ओझे. फेज कुठे गेला हा पुढचा प्रश्न. तो डीपीवरच्या फ्यूजमध्ये गेलेला असू शकतो, खांबावरच्या जोडात असू शकतो. तिथे कंपनीला धरायचेच, मी कोणाला मोकळे सोडायला निघालेलो नाही. पण तो आपल्याच खोपडीतल्या स्टार्टरमध्ये गेलेला असेल तर अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा?

एक फेज तुटला की पूर्ण ओझ्यावरची मोटार थांबत नाही, ती घोगऱ्या आवाजात फिरतच राहते. उरलेल्या दोन फेजांतून नेहमीच्या पावणेदोन पट प्रवाह जायला लागतो. पाच हॉर्सपॉवरची मोटार साधारण साडेसात अँपिअर घेते, ती तेराच्या आसपास जाते. ओव्हरलोड रिले अशा वेळी पडायला पाहिजे. माझा का पडला नाही? कारण तो सारखा पडतो म्हणून वैतागून मीच त्याची खूण बारावर नेऊन ठेवली होती. सांगायला लाज वाटते, पण जिल्ह्यातले निम्मे स्टार्टर उघडले तर मी एकटा पडणार नाही.

आता सैल जोडात होते काय ते पाहू. तार आणि टर्मिनल घट्ट बसले असतील तर त्यांच्यातला रोध एक हजारांश ओहमपेक्षाही कमी असतो. साडेसात अँपिअरला तिथे उष्णता जवळजवळ शून्य. जोड सैल झाला, हवा शिरली, गंज चढला आणि रोध एक दशांश ओहम झाला असे धरा. ऐकायला किती क्षुल्लक वाटते! पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. साडेसातचा वर्ग छप्पन्न, म्हणजे त्या नखाएवढ्या जागेत साडेपाच वॅट. मोटार सुरू होताना ती सहापट प्रवाह ओढते, पंचेचाळीस अँपिअर. पंचेचाळीसचा वर्ग दोन हजार पंचवीस, म्हणजे क्षणभर दोनशे वॅट. तापले की तार फुगते, थंड झाली की आकसते, रोज थोडी आणखी सैल होते. रोध अर्धा ओहम झाला की मोटार नुसती चालतानाही तिथे अठ्ठावीस वॅट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची सळई पंचवीस वॅटची असते, हे लक्षात घ्या. एकदा सैल पडलेला जोड आपोआप सुधारत नाही, बिघडतच जातो.

आणि यात फ्यूज काही करत नाही. मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते यावर.

आमच्या गावातल्या एका भावाने भाव येईल म्हणून फेब्रुवारीपर्यंत कापूस घरात ठेवला. ठेवणारच. नोव्हेंबरात सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो तेव्हा भाव कोण देतो? दम धरा, माल घरात ठेवा, हे आपणच एकमेकांना सभांमधून सांगत आलो. पण कापूस ठेवायला आपल्याकडे गोदामे नाहीत. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, आणि त्याच खोलीत भिंतीवर मीटर, मेन स्विच आणि किटकॅटचा बोर्ड. तीस क्विंटल कापूस, त्याच्यासोबत धान्य, कपडे, पोरीची पुस्तके, सगळे एका रात्रीत गेले. माणसे अंगणात झोपलेली होती म्हणून वाचली. पंचनाम्यात दोन शब्द लिहिले गेले: शॉर्ट सर्किट.

मी त्या घरी जाऊन विचारले. आठ-दहा दिवसांपासून दिवा मिचमिचत होता. पंखा लावला की बोर्डातून चुरचुर आवाज यायचा. जळक्या प्लास्टिकचा वास यायचा. घरातल्या बाईने दोनदा सांगितले होते, आणि घरातल्या पुरुषांनी 'लाईटच कमी आहे' म्हणून सोडून दिले होते. मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो. वास आला, बोर्डाचे झाकण हाताला गरम लागले, स्विचभोवती तपकिरी डाग दिसला, तर ती सैल जोडाची खूण आहे. घरच्यांनी ऐकले नाही तर सरळ मेन स्विच पाडा आणि अंधारात बसा. दुसऱ्या दिवशी सगळे ऐकतात.

शॉर्ट सर्किट म्हणजे दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटणे. तेव्हा प्रवाह एकदम शेकड्यांत जातो, आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. सैल जोडात प्रवाह वाढत नाही. जेवढा दिव्या-पंख्याला लागतो तेवढाच, झालाच तर थोडा कमी. मग फ्यूजला कळणार कसे? त्याच्या दृष्टीने सगळे ठीक चालले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९७७ साली यावर प्रयोग छापले. पंधरा-वीस अँपिअरच्या साध्या घरगुती जोडणीत सैल केलेला जोड लाल होऊन निखाऱ्यासारखा चमकत राहिला, आणि फ्यूज किंवा ब्रेकर जागचा हलला नाही. कापसाला निखारा पुरतो, ज्वाळा लागत नाही.

म्हणून मला त्या 'शॉर्ट सर्किट' शब्दाचा राग आहे. आपल्याकडे शेतकऱ्याने जीव दिला की दारू नाहीतर घरगुती भांडण, आणि कापूस जळाला की शॉर्ट सर्किट. शब्द लिहिला की चौकशी संपली. जोड कोणता जळाला, तो मीटरच्या आधीचा होता की नंतरचा, हे कोणी पाहत नाही. मीटरपर्यंतची जोडणी कंपनीची, मीटरच्या पुढची आपली. भरपाईचा सगळा दावा त्या एका रेघेवर उभा राहतो. पंचनामा होत असताना जळके टर्मिनल दाखवा, त्याचा फोटो काढा, कुठला जोड जळाला ते शब्दांत लिहून घ्या आणि मगच सही करा.

बरे, सैल वाईट. मग जोर लावून आवळले की झाले? नाही.

वखराची पाचर ठोकताना आपण काय करतो? सैल राहिली तर दोन तासांत गळून पडते. जास्त ठोकली तर लाकूड चिरते. टर्मिनलचे तसेच आहे. जोर जास्त झाला की स्क्रू तारेच्या काड्या कापतो. दहा काड्यांतल्या चार तुटल्या की उरलेल्या सहांवर सगळा भार येतो. पितळी आटे घसरतात. वरून स्क्रू घट्ट लागतो, आत दाब काहीच नसतो. प्लास्टिकच्या बैठकीला बारीक चीर पडते, ती दिसत नाही. आणि ॲल्युमिनियमचा स्वभाव निराळाच. दाबले की ते दबत राहते, महिन्यांनी बाजूला सरकलेले असते. त्याच्यावर हवेने जो पातळ थर चढतो त्यातून वीज जात नाही. तापल्यावर ते तांब्यापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने जास्त फुगते. आपली बहुतेक सर्व्हिस केबल ॲल्युमिनियमची. तांब्याची केबल परवडत नाही, आणि बांधावरून कोणी रातोरात कापूनही नेतो. म्हणजे सर्वांत नाजूक धातू आपल्याच वाट्याला, आणि तो आवळायला आपल्याच हातात टेस्टर.

यावर उपाय म्हणून एक हत्यार आहे. टॉर्कचा स्क्रू-ड्रायव्हर. टॉर्क म्हणजे पिळाचे बळ. हा दिसायला जाड मुठीचा साधा पेचकस, पण मुठीत स्प्रिंग असते आणि मुठीवर आकडे कोरलेले असतात. आकडा लावायचा आणि आवळत जायचे. तेवढा पीळ बसला की टक्क आवाज होतो, किंवा मूठ नुसती मोकळी फिरते. पुढे आवळायचे नाही. आवळणारा पहिलवान असो की सोळा वर्षांचा पोरगा, स्क्रूवर पीळ तेवढाच.

तो आकडा न्यूटन-मीटरमध्ये असतो. शब्दाला घाबरू नका. वीतभर, म्हणजे सुमारे वीस सेंटिमीटर लांबीचा पाना बोल्टला आडवा लावा आणि त्याच्या टोकाला एक किलोचे वजन टांगा. बोल्टवर पडतो तो पीळ जवळपास दोन न्यूटन-मीटर. चार मिलिमीटर जाडीच्या टर्मिनल स्क्रूला प्रमाण पीळ १.२ न्यूटन-मीटर, पाच मिलिमीटरच्या स्क्रूला २, साडेतीनच्या बारीक स्क्रूला ०.८. लो-व्होल्टेज स्विचगिअरच्या ज्या आंतरराष्ट्रीय मानकात हे कोष्टक आहे ते आपल्या देशाने आयएस/आयईसी ६०९४७ या नावाने स्वीकारलेले आहे. पण हे आकडे पाठ करून गावभर वापरू नका. बनवणाऱ्याने जो आकडा दिला तोच खरा. चांगल्या एमसीबीच्या आणि कॉन्टॅक्टरच्या अंगावर, नाहीतर डब्यातल्या कागदावर तो छापलेला असतो. इंग्रजी एन आणि एम ही दोन अक्षरे शोधा, त्यांच्या आधीचा आकडा तो. बियाण्याच्या पिशवीवरचे बारीक अक्षर आपण वाचत नाही आणि उगवण झाली नाही की कपाळाला हात लावतो. इथेही तीच खोड. ज्या स्टार्टरवर किंवा त्याच्या कागदावर आकडाच नाही, तो स्टार्टर दुकानदाराला परत द्या. त्याला कळू द्या की गिऱ्हाईक विचारते.

हे खूळ माझ्या एकट्याचे नाही. अमेरिकेत १९६५ ते १९७३ या काळात तांबे महागले म्हणून लाखो घरांत ॲल्युमिनियमची वायर घातली गेली. पुढे तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सांगितले की १९७२ पूर्वीच्या ॲल्युमिनियम तारेच्या घरात एखादा जोड आग लागण्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या घरापेक्षा पंचावन्न पट आहे. तार तुटत नव्हती, जोड तापत होते. २०१७ च्या त्यांच्या विद्युत संहितेत नियमच आला: ज्या उपकरणावर पिळाचा आकडा दिला आहे, ते आवळायला तपासून घेतलेले टॉर्कचे हत्यारच वापरायचे. इंग्लंडमध्ये घरातल्या प्लास्टिकच्या फ्यूज-पेट्या पेटू लागल्या, कारण तेच, आतले सैल जोड. जानेवारी २०१६ पासून तिथे घरात बसवायच्या नव्या पेट्या न जळणाऱ्या साहित्याच्या, म्हणजे बहुधा पत्र्याच्या, असाव्यात असे ठरले. त्यांच्या घरात आढ्यापर्यंत कापूस भरलेला नसतो, तरी ही काळजी.

आता आक्षेप. 'आमच्या बापाने पन्नास वर्षे हाताने आवळले, काही झाले नाही.' बापाच्या काळचा स्टार्टर दगडासारखा जड होता. त्यात बोटाएवढे पितळी खुंट आणि वर नट-वाशर असायचे, आणि खुंटाला तांब्याची तार. तिथे हाताचा अंदाज खपत होता. आताच्या हलक्या डब्यातले स्क्रू आणि त्यात खुपसलेले ॲल्युमिनियम त्या अंदाजावर चालत नाही. शिवाय अंदाज म्हणजे कोणाचा? मी एकदा एका ओळखीच्या ठेकेदाराचा टॉर्क ड्रायव्हर एका दिवसासाठी मागून आणला. पारावर सात-आठ जण बसले होते. प्रत्येकाला एकच स्क्रू 'बरोबर' आवळायला लावला आणि मापून पाहिला. कोणी पाहिजे त्याच्या निम्म्यावर थांबला, कोणी दुपटीला गेला. सर्वांत जास्त चुकला तो गावचा वायरमन, आणि त्याला स्वतःच्या हाताची सर्वांत जास्त खात्री होती. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. सकाळी ताज्या हाताने आणि संध्याकाळी थकल्या हाताने, जाड मुठीने आणि बारीक मुठीने, पीळ वेगळा पडणारच.

कापूस विकताना आपण काट्यासाठी भांडलो. हातात धरून 'एवढा असेल' म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला आपण दारात उभे करत नाही. कट्टी कापली तर आपण गाडी परत आणतो. वीज कंपनी बिनमीटरच्या पंपाला हॉर्सपॉवर पाहून अंदाजे युनिट लावते तेव्हा आपण मोर्चा काढतो, आणि बरोबरच करतो. मग आपल्याच स्टार्टरच्या डब्यात हे अंदाजपंचे दाहोदरसे का?

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. चांगला टॉर्क ड्रायव्हर काही हजार रुपयांना पडतो. एकट्या कोरडवाहू माणसाने तो का घ्यावा? घेऊच नये. एका गावाला एक पुरतो. स्टार्टर वर्षातून एकदा आवळायचा असतो, रोज नाही. गावात फवारणीचा पंप मागून आणतो, तिफण मागून आणतो, तसा हा. फक्त तो शहाण्या माणसाकडे ठेवा. वापर झाला की आकडा सर्वांत खाली आणून ठेवायचा, नाहीतर स्प्रिंग ढिली पडते. त्याने गंजलेले स्क्रू उघडायचे नाहीत, त्याला साधा पेचकस आहे. आणि वर्षातून एकदा, किंवा पाच हजार वेळा आवळून झाल्यावर, तो तपासून घ्यायचा. दुकानदाराच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का पाहतो ना, तसेच हे. न तपासलेला टॉर्क ड्रायव्हर म्हणजे दांडी मारलेला काटा.

एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल सरकार भरते. चांगले आहे. पण रिवाइंडिंगचे बिल कोणते सरकार भरते? आणि त्या आठ दिवसांत सुकलेल्या बोंडांचे?

कंपनीकडे आणि सरकारकडे मागायचे ते हे. डीपीखालच्या पेटीत, मीटरमध्ये, खांबावरच्या जोडात कंपनीचा किंवा तिच्या ठेकेदाराचा माणूस हात घालील तेव्हा त्याच्याकडे मोजून आवळायचे हत्यार असले पाहिजे. ॲल्युमिनियम आणि तांबे जिथे भेटतात तिथे त्यासाठीचे दुहेरी धातूचे थिंबल वापरले पाहिजे. आयटीआयच्या वायरमनच्या पोरांच्या हातात हे हत्यार शिकतानाच पडले पाहिजे. लाईनमनवर ओरडून उपयोग नाही, त्याला साधे हातमोजे धड मिळत नाहीत. मागणी वरच्यांकडे करायची.

आणि सौर पंपवाल्यांनी जास्तच सावध राहावे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' २०२४ मध्ये आले, पुष्कळांच्या शेतात पाट्या उभ्या राहिल्या. पाट्यांतून येणारी वीज एकाच दिशेने वाहणारी असते. आपल्या लाईनची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी विझायला वाव असतो. पाट्यांच्या विजेला तो वाव नाही, सैल जोडात एकदा ठिणगी धरली की ती जळतच राहते. ठेकेदाराची माणसे एका दिवसात सांगाडा उभा करून निघून जातात. पाच वर्षांची हमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कंट्रोलरच्या डब्यातले जोड तुमच्यासमोर मोजून आवळायला लावा आणि कोणत्या आकड्यावर आवळले ते लिहून मागा. तो नाही म्हणाला तर सुपूर्दनाम्यावर सहीच करू नका. सहीसाठी तो चार वेळा येईल.

स्वतः हात घालणाऱ्यांसाठी थोडे. मोटार बंद केली म्हणजे वीज बंद झाली असे नाही. मेन स्विच पाडा, किटकॅटच्या तिन्ही ग्रीपा काढून स्वतःच्या खिशात ठेवा, मग तिन्ही टर्मिनलला टेस्टर लावून पाहा. तो टेस्टर आधी चालू लाईनवर पेटतो का हेही पाहा, कारण मेलेला टेस्टर सगळीकडे वीज नाहीच म्हणतो. घरी आणि शेतात 'ऑटो' लावलेला असेल तर आधी तो काढा. रात्री लाईन आली आणि मोटार आपोआप सुरू झाली, त्यात माणसे गेली आहेत. मुठीवर हजार व्होल्ट लिहिलेले असले तरी चालू लाईनवर आवळायचे नाही. डीपीला हात लावायचा नाही, तिथे कितीही शहाणे असलात तरी. टर्मिनल काळे पडले असेल तर नुसते आवळून उपयोग नाही. जळके टोक कापून टाका, नवी तार उघडी करा, ॲल्युमिनियम असेल तर ब्रशने घासून लगेच थिंबल दाबून घ्या, रबर स्क्रूखाली येऊ देऊ नका, काड्या कथिलाने डाखू नका. कथिल मऊ असते, तेही दबत जाऊन जोड सैल होतो. टर्मिनल वितळलेले असेल तर ते बदला. आणि रिलेची खूण मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर आणून ठेवा. माझी आता साडेसातवर आहे. गेल्या हंगामात रिले दोनदा पडला. दोन्ही वेळा मी शिव्या दिल्या, आणि दोन्ही वेळा डीपीवरचा एक फ्यूज गेलेला निघाला. मोटार वाचली, आणि कंपनीला द्यायच्या अर्जावर या वेळी लिहायला खरे कारण होते.

जिल्ह्याच्या मेळाव्यात मंडपाच्या बाजूला एक टेबल मागितले आहे. त्यावर माझा तो जळका स्टार्टर, एक नवा स्टार्टर आणि मागून आणलेला टॉर्क ड्रायव्हर ठेवणार आहे. आपापल्या गावच्या वायरमनला सोबत आणा, त्याला हाताने आवळू द्या आणि मग मापून पाहू. ज्यांच्या मोटारी यंदा जळल्या त्यांनी रिवाइंडिंगवाल्याला तारेचे तिन्ही गट दाखवायला सांगून त्यांचा फोटो काढून आणावा. किती फोटोंत दोन काळे आणि एक चांगला दिसतो ते मोजू, आणि तो कागद ठरावासोबत जोडू. कापूस अजून घरात असेल तर येण्याआधी एवढे करा, बोर्डाखालची दोन हात जागा मोकळी करून या.